वाचकांचे प्रश्न : नवा रेणू पडद्यावर सापडतो की फ्लास्कमध्ये?

प्रश्न : मी सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे नुकत्याच झालेल्या एका व्याख्यानात सांगण्यात आले की, यापुढे नवे औषधी रेणू संगणकच शोधून काढेल. तसे असेल तर वर्षानुवर्षे फ्यूम हूडसमोर (प्रयोगशाळेतल्या, वाफा खेचून घेणाऱ्या कपाटासमोर) उभे राहून संश्लेषण करण्याला काय अर्थ उरतो? पीएच.डी.साठी मी संश्लेषण सोडून संगणकीय प्रारूपांकडे वळावे का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : संगणकाचे काम अवश्य शिका, पण त्यासाठी हातातले संश्लेषण सोडू नका. असे का म्हणतो, ते झानामिविर या फ्लूवरील औषधाच्या एकाच रेणूच्या आधारे सांगतो, कारण दोन्ही विद्या एकमेकींवाचून कुठे अडतात हे त्यात स्वच्छ दिसते.

इन्फ्लुएन्झाच्या (फ्लूच्या) विषाणूवर न्यूरामिनिडेझ नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, असते. पेशीत तयार झालेले नवे विषाणू बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागावरील सायलिक आम्ल या शर्करेला चिकटून राहतात; हे विकर ते आम्ल कापते आणि विषाणू मोकळे होतात. ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकराची त्रिमितीय रचना १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. त्याला रोखणारा, सायलिक आम्लापासून केलेला ‘डाना’ हा रेणू त्याआधीच ठाऊक होता, परंतु औषध म्हणून उपयोगी पडावा इतकी त्याची पकड घट्ट नव्हती.

इथे संगणक आला. पीटर गुडफर्ड यांची ‘ग्रिड’ ही आज्ञावली प्रथिनाच्या खाचेत काल्पनिक जाळे पसरते आणि जाळ्याच्या प्रत्येक बिंदूवर पाणी, मिथाइल, अमाइन असे एकेक गट ठेवून तिथली आकर्षणाची ऊर्जा मोजते. मार्क फॉन इट्झस्टाइन यांच्या मेलबर्नमधील गटाने ती वापरली, तेव्हा ‘डाना’च्या चौथ्या कार्बनवर जिथे साधा हायड्रॉक्सिल गट होता, नेमक्या त्याच जागी धनभारित नायट्रोजन फार चांगला बसेल असे दिसले. खाचेच्या त्या कोपऱ्यात ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाचे ऋणभारित गट आहेत. हायड्रॉक्सिलच्या जागी अमाइन आणले तर पकड वाढेल आणि त्याहून मोठा ग्वानिडिनो गट आणला तर दोन ग्लुटामिक आम्लांना एकदमच धरता येईल, असा अंदाज निघाला.

आता तुमच्या फ्यूम हूडकडे वळू. पडद्यावर हायड्रॉक्सिल पुसून ग्वानिडिनो काढायला क्षणभर पुरतो. प्रत्यक्षात त्या वलयाला इतरही हायड्रॉक्सिल गट लटकलेले असतात, त्यामुळे कार्बॉक्सिलिक आम्लाचा एस्टर आणि हायड्रॉक्सिलांचे ॲसिटेट करून आधी सगळ्यांना झाकावे लागते. मग लुइस आम्लाच्या (इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणाऱ्या पदार्थाच्या) साहाय्याने चौथ्या कार्बनवरचा ॲसिटेट निघतो आणि शेजारच्या पाचव्या कार्बनवरील ॲसिटामाइडचा ऑक्सिजन तिथे वळून ऑक्साझोलिनचे छोटे वलय बनते. ॲझाइड हा नायट्रोजनांचा गट त्या वलयाला विरुद्ध बाजूने उघडतो. विन्यास, म्हणजे गटाची अवकाशातली दिशा, दोनदा उलटल्यामुळे नायट्रोजन अखेर मूळ हायड्रॉक्सिलच्याच दिशेला येतो आणि खाचेत बसण्यासाठी नेमकी तीच दिशा हवी असते. पुढे ॲझाइडचे अमाइन, अमाइनचे ग्वानिडिनो आणि झाकलेले गट मोकळे करणे. ही युक्ती ग्रिडच्या नकाशात कुठेही लिहिलेली नव्हती. शेजारचा गट अभिक्रियेत कसा हात घालतो, हे ओळखणाऱ्या रसायनशास्त्रज्ञालाच ती सुचते. १९९३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले, तेव्हा या नव्या रेणूची, म्हणजेच झानामिविरची, पकड ‘डाना’पेक्षा हजारो पटींनी घट्ट असल्याचे दिसले.

तरीही एक अडचण राहिली होती. ज्या भारित गटांमुळे हा रेणू विकराला घट्ट धरतो, त्यांच्यामुळेच तो आतड्यातून फारसा शोषला जात नाही. गिळल्यास जेमतेम २ टक्के रक्तात पोहोचतो. म्हणून झानामिविर कोरड्या भुकटीच्या रूपात श्वासावाटे घ्यावे लागते. गोळी करता येईल असे औषध अमेरिकेतील गिलियड या औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी केले, ते ओसेल्टामिविर. ते बनवण्यासाठी लागणारे शिकिमिक आम्ल आपल्या मसाल्यातल्या चक्रीफुलातून मिळते. यात त्यांनी बाजूच्या तीन हायड्रॉक्सिलांच्या साखळीऐवजी तेलकट पेंटाइल शाखा जोडली. पाणीप्रिय दिसणाऱ्या त्या कोपऱ्यात ती बसावी कशी? रेणू आत येताच विकरातील २७६ क्रमांकाचे ग्लुटामिक आम्ल वळते आणि शाखेसाठी नवी पोकळी तयार होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. प्रथिनाची रचना दगडासारखी ताठ धरून गणित केले असते, तर हा रेणू बहुधा यादीतून गळलाच असता. तो बनवून, तपासून, त्याचा विकरासह स्फटिक पाहिला म्हणून प्रथिनाची हालचाल कळली. अशा उत्तरांमुळेच पुढची प्रारूपे सुधारतात. ही दोन्ही औषधे अमेरिकेत १९९९ मध्ये मान्य झाली.

एकदाही कॉलम (मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारी नळी) न चालवलेल्या व्यक्तीने पडद्यावर सुचवलेले रेणू मी पाहतो, तेव्हा पुष्कळदा गुणांकन (पकडीचा संगणकाने दिलेला अंदाज) उत्तम असते, पण शेजारी शेजारी चार कायरल कार्बन (चार वेगवेगळे गट जोडलेले, ज्यांची दिशा अचूक साधावी लागते असे) असतात आणि तिथवर नेणारी संश्लेषणाची वाटच दिसत नाही. याउलट, केवळ सवयीने मिथाइलच्या जागी इथाइल लावत राहणारा संश्लेषकही वर्षे वाया घालवतो. तुमच्याकडे संश्लेषणाचा हात आहे, त्यामुळे पीएच.डी.साठी असा मार्गदर्शक शोधा ज्याच्याकडे प्रारूप, संश्लेषण आणि जैविक चाचणी यांची फेरी एकाच प्रकल्पात चालते.

सुरुवात मात्र याच सुट्टीत करता येईल. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहातून न्यूरामिनिडेझ आणि झानामिविर यांची एकत्रित रचना उतरवून घ्या, ऑटोडॉक ही मोफत आज्ञावली वापरून आधी झानामिविर आणि मग ‘डाना’ त्याच खाचेत बसवून पाहा आणि दोन्हींच्या गुणांकनातला फरक प्रत्यक्ष मोजलेल्या फरकाशी ताडून पाहा. त्यानंतर ग्वानिडिनोच्या जागी तुम्हाला सुचेल तो गट घाला आणि तो रेणू सायलिक आम्लापासून कसा बनवाल, ते एकेक पायरी करून वहीत लिहा.