विचर उतरेपर्यंत काय खेळावे
सेलमध्ये ‘द विचर 3’ हा संगणकावरचा गेम स्वस्तात मिळाला म्हणून तुम्ही तो घेतलात, हे समजण्यासारखे आहे. परंतु सुमारे 50 जीबीचा तो गेम आपल्या दारव्ह्याकडच्या गावात मोबाइलच्या रोजच्या डेटावर उतरवायला बरेच दिवस जातील, म्हणून तोवर 2016 साली आलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम खेळावा, असे मी सुचवेन. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने घडवलेला हा गेम आकाराने लहान असून साध्या लॅपटॉपवरही चालतो. दिवसभर पऱ्हाटीत राबून रात्री पुन्हा पडद्यावर शेतीच का, असे घरचे विचारतील, विचारू द्यावे. मात्र त्यातील प्रगती जतन होते ती पात्र झोपी गेल्यावरच, आणि खेळातला एक दिवस साधारण 14 मिनिटांचा असतो, त्यामुळे भारनियमनाची वेळ जवळ आली असल्यास नवा दिवस सुरू करू नये. घरी इन्व्हर्टर नव्हता तेव्हा मी असे कितीतरी दिवस गमावले आहेत. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर 2 तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे 14 दिवसांच्या आत परत मागता येतात, पण ही मुदत खरेदीपासून मोजली जाते, गेम उतरल्यापासून नव्हे.