शब्द कळतात, पण वाक्य कळत नाही. अमेरिकी सहकाऱ्यांचं इंग्रजी समजायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या टीमशी रोज कॉल असतो, शब्द न् शब्द ऐकू येतो, पण 'बॉलपार्क', 'टच बेस' असलं काही आलं की गाडी अडते. वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करून हे सुटत नाही. मी करून पाहिलंय. माझं ऐकाल तर एक संध्याकाळ काढून बेसबॉलचा एक सामना नीट बघा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी अमेरिकेहून आलेल्या एका सहकाऱ्याला मी घरी जेवायला बोलावलं. तो म्हणाला, 'आय विल टेक अ रेन चेक.' पाऊस नसेल तर येईन, असं मी समजलो. आभाळ निरभ्र होतं, आईने पुरणपोळ्या केल्या, तो आला नाही. बरेच दिवस माझ्या मनात अढी होती. वास्तविक 'आज नाही जमणार, पुढे कधीतरी नक्की,' असं त्याने सभ्यपणे सांगितलं होतं. पावसामुळे बेसबॉलचा सामना बंद पडला की तिकिटाच्या अर्ध्या तुकड्यावर पुढचा सामना बघता यायचा; १८८० च्या दशकातली ही पद्धत. तो तुकडा म्हणजे रेन चेक.

खेळ एकदा डोळ्यांसमोर आला की बाकीचं आपसूक उलगडतं. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. 'बॉलपार्क फिगर' मागितली की ढोबळ आकडा द्यायचा, पैशापर्यंत हिशोब करत बसायचं नाही. धावणारा खेळाडू बेसला, म्हणजे मैदानातल्या ठरलेल्या थांब्याला, पाय लावतो, तसं 'टच बेस' म्हणजे दोन मिनिटं बोलून घेणं. 'कर्व्हबॉल' हवेतच वळतो, पण बोलण्यात तो आपल्या गुगलीच्या जागी बसतो. आणि 'स्टेप अप टू द प्लेट', म्हणजे फलंदाजाने पुढे येऊन उभं राहणं, यासाठी मराठीत 'विडा उचलणे' इतकं चपखल दुसरं काही मला सापडलेलं नाही. वहीत असे मराठी जोडीदार लिहून ठेवा, शब्दशः भाषांतर नको.

एका शब्दापाशी मात्र सावध राहा: 'टेबल'. ब्रिटिश माणूस 'लेट्स टेबल इट' म्हणाला तर विषय चर्चेला घ्यायचा असतो, अमेरिकी म्हणाला तर बाजूला ठेवायचा. टीममध्ये दोन्हीकडची माणसं असतील तर तिथल्या तिथे विचारा, 'नाऊ ऑर लेटर?' याचं कुणालाही वाईट वाटत नाही.