'माय हेअर इज' की 'माय हेअर्स आर'?

तुमचा प्रश्न असा: डोक्यावर केस लाखभर, मग इंग्रजीत 'माय हेअर इज ब्लॅक' असं एकवचन का? आणि 'हेअर्स' हा शब्द चुकीचाच आहे का?

चुकीचा नाही, त्याची जागा वेगळी आहे. मला ती व्याकरणाच्या पुस्तकाआधी पोह्यांनी समजावली.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आजी म्हणायची 'पोहे झालेत', आणि कोपऱ्यावरचा ठेलेवाला म्हणायचा, 'आओ भिया, पोहा तैयार है.' वस्तू तीच, त्याच्याकडे वर शेव आणि जीरावन मसाला तेवढा जास्त. मराठी ते अनेकवचनात बोलते. हिंदी त्याला एक पदार्थ मानते. मी घरी चुकून 'आजी, पोहा मस्त झालाय' म्हटलं की ती विचारायची, "एकच झाला का रे?"

इंग्रजीत डोक्यावरच्या केसांचा 'पोहा' होतो. सगळे मिळून एक वस्तू, पाण्यासारखी, न मोजायची. म्हणून क्रियापद 'इज', आणि शब्दाआधी 'मच', 'मेनी' नाही. 'शी हॅज लाँग हेअर' म्हणायचं. त्यात 'अ' घातलात तर बिचारीला एकच लांब केस उरतो! आपण फसतो कारण मराठीत एक केस आणि दहा केस, शब्द बदलतच नाही. अनेकवचन कळतं ते क्रियापदावरून: केस गळला, केस गळले. हिंदीतल्या 'बाल'चंही तेच. ते 'गळले' आपण इंग्रजीत तसंच उचलून नेतो आणि 'माय हेअर आर फॉलिंग' म्हणून बसतो.

आता 'हेअर्स'. केस सुटा झाला, चिमटीत धरता आला, की तो मोजायचा. मागे छप्पन दुकानवर, म्हणजे आमच्या इंदूरच्या खाऊगल्लीत, भाचीच्या बशीत एक केस निघाला. तिने तो दोन बोटांत उंच धरून जाहीर केलं, 'देअर इज अ हेअर इन माय पोहा!' अगदी बरोबर. 'अ' गाळला असता तर बशीत गुंतवळच असल्यासारखं वाटलं असतं. (सशालाही इंग्रजीत उच्चारी 'हेअर'च म्हणतात, स्पेलिंग वेगळं. तिचा धाकटा भाऊ टेबलाखाली वाकून बघत होता.)

तसंच आरशात तीन पांढरे केस दिसले तर 'थ्री ग्रे हेअर्स'. सगळंच डोकं पिकलं की 'माय हेअर इज ग्रे'. पहिल्या वाक्यातून दुसऱ्यात जायला मला फार वर्षं लागली नाहीत. रोज 50 ते 100 केस गळणं नॉर्मल असतं, असं त्वचेचे डॉक्टर सांगतात. तिथेही मोजणी आहे, म्हणून 'हेअर्स'. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, मत्तयाच्या 10व्या अध्यायात, तुमच्या डोक्यावरचे केसही मोजलेले आहेत असं वाक्य आहे. तिथे 'हेअर्स' आहे, कारण देव एकेक मोजतोय.

वाक्प्रचारांतही हाच हिशेब दिसतो. आपण 'केसालाही धक्का लागू देणार नाही' म्हणतो, तिकडेही 'अ हेअर', एकच. शब्दांचा कीस काढणं म्हणजे 'स्प्लिटिंग हेअर्स', तिथे अनेक.

जोडशब्दात मात्र 'स' लागत नाही: हेअर ऑइल, हेअर ब्रश, हेअरकट. आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याने नव्या बोर्डावर 'हेअर्स कटिंग' रंगवून घेतलं. मी दाढी करताना त्याला म्हटलं, तो 'स' पुसून टाक. वस्तरा न थांबवता तो म्हणाला, "क्यों भिया? हम तो एक-एक करके काटते हैं."

बोर्ड अजून तसाच आहे.