नेव्हीच्या पोस्टिंगवर जपानमधल्या योकोसुकाला जाताना बेसवर राहावं की गावात?

तुमचा प्रश्न असा: नवऱ्याची अमेरिकन नेव्हीतून योकोसुकाला तीन वर्षांची ऑर्डर निघालीय, मुलगी चार वर्षांची, तुमच्याकडे ग्रीन कार्ड पण पासपोर्ट भारतीय, तर बेसवर राहावं की बाहेर, आणि रोजचं कसं निभतं? आम्ही तिथे तीन वर्षं काढली. सुरुवातीचे पाच आठवडे बेसवरच्या लॉजमध्ये, पुढे चढावरच्या एका लहानशा घरात. हाउसिंग ऑफिस परवानगी देत असेल तर गावात राहा. बेसवरची घरं रिकामी असली की कधीकधी पर्याय देत नाहीत, म्हणून हे आधीच विचारून घ्या.

कारण जहाज. १९७३ पासून अमेरिकेची विमानवाहू नौका कायम योकोसुकाला तैनात असते. अमेरिकन नेव्हीच्या सातव्या आरमाराचं बिऱ्हाडच तिथे, त्यामुळे नवरा वर्षातले कित्येक महिने समुद्रात. माझं माहेर साताऱ्याचं. फौजीची बायको म्हणजे काय ते लहानपणापासून पाहिलेलं, पण तिथे नवरा सीमेवर असला तरी सासू, जावा, चुलत्यांची घरं भोवती असतात. इथे तुम्ही आणि पोर, एवढंच. बेसवरच्या शेजारणी जीव लावतात, पण त्यांची जहाजंही त्याच सुमाराला सुटतात आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्याही बदल्या होतात. गल्लीतली आजी कुठे जात नाही.

माझी आणि आजींची ओळख कचऱ्यावरून झाली. जळणारा, न जळणारा, डबे-बाटल्या, प्लास्टिक, प्रत्येकाचा वार वेगळा. पहिल्याच आठवड्यात मी पिशवी ठेवून आले; दुपारी बघते तर सगळ्यांच्या गेलेल्या, माझी तिथेच, वर स्टिकर. मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्या आजी आल्या, पिशवी सोडली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. दह्याचा डबा नळाखाली धरायची खूण केली, बाटलीचं झाकण काढलं, लेबल सोललं. चहाचा चोथा हाती लागल्यावर वास घेतला आणि म्हणाल्या, "शोगा?" म्हणजे आलं. मी मान डोलावली. मग कावळ्यांसाठीची जाळी कडेने कशी दाबायची तेही दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी थर्मासमधून चहा नेला. पुढे मुलीला १०३ ताप असताना आणि नवरा कुठल्या समुद्रात ते माहीत नसताना ११९ ला फोन याच बाईंनी लावला. (अँब्युलन्स ११९, पोलीस ११०. फ्रिजवर चिकटवून ठेवा.)

जहाज कधी सुटणार, कधी येणार, हे व्हॉट्सॲपवर कुणालाही लिहायचं नाही. सासूबाईंनाही नाही. त्या रुसतात, रुसू द्या.

कागदांचं नीट ऐका. १९६० च्या अमेरिका-जपान करारामुळे, ज्याला सगळे सोफा (SOFA) म्हणतात, आपल्याला जपानी रेसिडेन्स कार्ड मिळत नाही. पासपोर्टवरचा सोफाचा शिक्का आणि मिलिटरी आयडी हीच ओळख. तुमचं नाव नवऱ्याच्या ऑर्डरवर आहे ना, हे निघण्याआधी डोळ्यांनी पाहा. तसं असेल तर नवऱ्याबरोबर तिथे काढलेला काळ अमेरिकन नागरिकत्वासाठी अमेरिकेत राहिल्यासारखाच धरता येतो. मला हे दीड वर्षाने कळलं, तोवर उगाच जीव टांगणीला.

औषधांची पिशवीही तपासा. ॲडेरॉल (एडीएचडीवरचं औषध) जपानमध्ये नेताच येत नाही, आणि स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्याही नाहीत. कुत्रं असेल तर आजच व्हेटकडे जा. रेबीजच्या रक्तचाचणीनंतर १८० दिवस थांबावं लागतं.

गाडीचं तुम्हाला सोपं जाईल. रस्ता आपल्यासारखाच डाव्या बाजूचा, इंडिकेटरची दांडी मारुतीसारखी उजवीकडे. आमचे साहेब महिनाभर प्रत्येक वळणावर वायपर लावत होते.

घर भाड्याने घेताना रेइकिन म्हणून घरमालकाला जे द्यावं लागतं ते परत मिळत नाही, पण नेव्ही ते भरून देते, पावत्या जपा. घरात बहुधा दिवेसुद्धा नसतात आणि हिवाळ्यात भिंतींतून गारठा येतो. संध्याकाळी गावभर लाउडस्पीकरवर एक धून वाजते, ती ऐकून पहिल्या दिवशी घाबरू नका. भूकंप-त्सुनामीची सूचना द्यायची यंत्रणा चालू आहे ना, ते तपासतात. आपल्या नगरपालिकेच्या भोंग्यासारखं. आमची पोर त्यावर खेळ आवरून घरी यायची.

खाण्याचं म्हणाल तर डाळी-पोहे तोक्योच्या निशी-कासाईत मिळतात, तिथे भारतीय वस्ती मोठी आहे. महिन्यातून एक खेप पुरते. योकोसुका स्वतःला करीचं गाव म्हणवतं; नेव्ही करी मागवली की सोबत सॅलड आणि दुधाचा ग्लास येतो. ती गोडसर असते, मला कधी आवडली नाही, मुलगी मात्र बोटं चाटायची.

आणि भारतातला मिक्सर नेऊ नका. जपानात वीज १०० व्होल्टची, २३० चा मिक्सर नुसता घुरघुरतो. अमेरिकेतला १२० चा न्या, जरा सावकाश फिरतो, पण ओल्या खोबऱ्याची चटणी होते.