पट्टेदार कोंबडी आणि लाल कोंबडा: पिल्लांतला नर-मादी पहिल्याच दिवशी ओळखता येईल का?

हो, येईल. तुमचा कोंबडा ऱ्होड आयलंड रेड आणि कोंबडी पट्टेदार प्लायमाउथ रॉक आहे, म्हणजे जोडी अगदी योग्य दिशेने जुळली आहे.

पक्ष्यांत माणसाच्या उलट असतं: नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. पट्ट्यांचं जनुक झेडवर बसतं आणि ते प्रभावी आहे, म्हणजे एकच प्रत असली तरी दिसून येतं. कोंबडी आपला एकुलता एक झेड फक्त मुलग्यांना देते. मुलींना तिच्याकडून डब्ल्यू मिळतो. म्हणून पट्टे नर पिल्लांकडेच जातात. अंड्यातून बाहेर पडताना सगळी पिल्लं काळीच दिसतील, पण नराच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असेल, मादीच्या नाही. पिल्लं वाळली की लगेच बघा आणि पायात रंगीत कडी घाला. पिसं फुटल्यावर ठिपका जातो, मात्र नरांवर पट्टे दिसू लागतात. तलंगा, म्हणजे तरुण माद्या, काळ्याच राहतात, मानेवर थोडी तांबूस झाक येते.

जोडी उलटी केलीत, म्हणजे कोंबडा पट्टेदार आणि कोंबडी लाल, तर ही खूण मिळत नाही. शुद्ध पट्टेदार कोंबड्याची सगळीच पिल्लं पट्टेदार होतात. पांढरा लेगहॉर्न कोंबडाही इथे नको, त्याचा प्रभावी पांढरा रंग सगळं झाकून टाकतो.

आणि कृपा करून या संकरित पिल्लांची आपसात पैदास करून तीच खूण शोधू नका. पुढच्या पिढीत नर-मादी दोघांतही पट्टेदार निघतात. दर वेळी मूळ जोडीकडेच परत जा.