स्लॅब पडायच्या आधी चुलीचं बघा

प्रश्न : नमस्कार ताई, गुहागरजवळचं आमचं जुनं कौलारू घर पाडून त्याच जागी नवीन बांधतोय, वर स्लॅब. गॅस आहेच पण सासूबाईंना चूल हवीच, भाकऱ्या, घावणे, शिवाय गणपतीत घरात पंचवीस माणसं. मिस्टर म्हणतात टाइल्स काळ्या होतील, बाहेर ठेवा. ऑनलाइन पंखेवाल्या स्टीलच्या चुली बघितल्या, कोणती घेऊ?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : अहो चूल कोणती ते नंतर, आधी सांगा स्लॅब पडला का? नसेल तर आजच काँट्रॅक्टरला फोन लावा आणि चूल जिथे येणार त्याच्या बरोबर वर पाइपसाठी भोक सोडायला सांगा, कारण स्लॅब झाल्यावर तो फोडायचा म्हणजे सळया कापल्या जातात आणि मग कोकणातला पाऊस चार महिने तिथूनच आत येतो. ड्रॉइंगमध्ये मॉड्युलर किचन असतं, मिक्सरचा पॉइंट असतो, चूल कुठेच नसते, म्हणून हे तुम्हालाच सांगावं लागणार.

धुराडं चार इंची धरलं तर सहा-सात इंचाचा स्लीव्ह, म्हणजे बाहेरचा मोठा पाइप, टाकून घ्या, मधल्या फटीत सिरॅमिक वूल, म्हणजे उष्णता सोसणारा कापसासारखा तंतू, भरायचं (फोम नको, जळतो). गच्चीवर भोकाभोवती अर्धा फूट उंच कठडा बांधायचा आणि पाइपला पत्र्याची कॉलर अशी लावायची की पाणी कठड्याच्या बाहेर पडेल. मिस्त्री नुसतं सिमेंट थापून मोकळे होतात, ते ऐकू नका, पाइप तापतो थंड होतो आणि त्या सिमेंटला चीर जातेच. पाइप गच्चीच्या वर किमान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत पाण्याची टाकी वगैरे काही उंच असेल तर त्याच्याही वर दोन फूट, नाहीतर वारा धूर परत खाली ढकलतो. शक्यतो सरळ न्या, प्रत्येक वळणावर काजळी साचते. खाली टी (T आकाराचा जोड) टाकून झाकण ठेवलंत तर काजळी काढता येते. 1983 मध्ये सरकारने निर्धूर चुलींचा मोठा कार्यक्रम काढला होता, 2002 मध्ये तो गुंडाळला, त्यातल्या कितीतरी चुलींची धुराडी साफ न केल्यामुळेच तुंबली.

आता चूल. पंखेवाली चूल वाईट नाही, लाकूडही कमी लागतं, साध्या चुलीत साधारण दहा टक्केच उष्णता भांड्याला लागते तर उचलून ठेवायच्या चुलींसाठी आपल्या बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) अटच बिनपंख्याला पंचवीस आणि पंख्याला पस्तीस टक्के अशी आहे. पण बहुतेकींना लाकडाचे बारके तुकडे लागतात आणि गणपतीतला मोठा टोप त्यावर डगमगतो. तुमच्याकडे बांधलेली दोन भांड्यांची चूलच बरी, पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेची लक्ष्मी चूल त्याच प्रकारची, पुढे जाळ, मागे वैल म्हणजे दुसऱ्या भांड्याचं तोंड, त्यामागे धुराडं. एक लक्षात ठेवा, धूर वैलाखालून जातो त्यामुळे तिथे भांडं नसेल तर झाकण हवंच, नाहीतर सगळा धूर स्वयंपाकघरात, आणि मग मिस्टर म्हणणारच, बघ मी सांगितलं होतं. चुलीच्या मागच्या भिंतीला टाइल्स लावूच नका, कडाप्पा लावा, पुसला की झालं.

मिस्टरांची बाहेर ठेवायची आयडियासुद्धा पडवीत चालेल, फक्त तिथे छप्पर लाकडी असेल तर पाइप वाशांपासून दीड फूट लांब. आणि चुलीचं तोंड पश्चिमेला नको, जूनमध्ये जाळ टिकणार नाही.

लाकडाची खोपही आत्ताच प्लॅनमध्ये घ्या. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं, बराच जाळ ते उडवण्यातच जातो आणि काजळी वेगळी. आगोटीच्या (पावसाआधीच्या) कामांत लाकडं फोडून, वाळवून, जमिनीपासून वीतभर वर रचून ठेवा. नारळाची सोडणं पेटवायला ठीक, पण रोज त्यावरच रांधलंत तर धुराडं पटकन भरेल.

प्रश्न : आमच्याही घराचं काम चालू आहे. आजीचा तांब्याचा बंब नवीन बाथरूममध्येच ठेवला तर चालेल का?
— वाचक, सातारा

उत्तर : नाही. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि हल्लीच्या बाथरूमला एवढीशी खिडकी, तीही थंडीत बंद. बंब मागच्या दारी शेडखाली ठेवा, तोटीला पाइप जोडून भिंतीतून पाणी आत घ्या. फक्त बंब बादलीपेक्षा उंचावर हवा, म्हणून ओटा दोन-अडीच फुटांचा करा, आणि आतून कल्हई आहे का बघून घ्या.