दोन घास खाऊन पळणाऱ्या अडीच वर्षांच्या मुलाला जेवायला बसवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा अडीच वर्षांचा आहे, दोन घास खाऊन पळतो, आजी मोबाइल दाखवत घरभर फिरून भरवतात, आणि पट्ट्याची उंच खुर्ची आणली तर बसेल का. खुर्चीचं नंतर बघू. प्रश्नात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, ‘तेव्हा मी पोळ्या करत असते’. माझ्या मते निम्मं दुखणं तिथेच आहे.

पानात तव्यावरचीच पोळी पडली पाहिजे, हा हट्ट ज्या घरात असतो तिथे एक बाई जेवणभर उभी असते. आजोबा आधी जेवून घेतात, बाबा ताट घेऊन टीव्हीसमोर, आजी वाटी घेऊन नातवामागे. मग मुलानं बसायचं कुणाबरोबर? अडीच वर्षांचं मूल सांगितलेलं फार थोडं करतं, दिसलेलं पुष्कळ करतं. आई ओट्याशी उभी दिसली की ते उठून तिच्या पायाशी जाणारच. यावर ‘पण गार पोळी घशाखाली उतरत नाही’ असं सांगणारे खूप भेटतात. पोळी गार पडायचं कारणच नाही. आठला बसायचं तर पावणेआठला तवा बंद करा. कणीक जरा सैल मळा, घडीला तेल लावा, पोळी तव्यावरून उतरवल्यावर मिनिटभर जाळीवर टाकून वाफ जाऊ द्या आणि मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. वाफेसकट डब्यात कोंबली की खालची पोळी ओली होते आणि नाव डब्याचं खराब होतं. अशी पोळी अर्धा तास मऊ राहते. ज्याला तरीही तव्यावरचीच हवी, त्यानं मूल जेवून उठल्यावर स्वतः भाजून घ्यावी.

घरी मिनिटभर न टेकणारी मुलं बालवाडीत पंगतीत बसून खातात, हे तिथे शिकवणाऱ्या कुणालाही माहीत असतं. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम शिजवलेला आहार देतात. ताई आणि मदतनीस अशा दोघीजणी सतरंजीवर अख्खी ओळ बसवतात. क्रम रोज तोच: हात धुणं, बसणं, वाढून होईपर्यंत श्लोक, मग एकदम सुरुवात. पोरामागे वाटी घेऊन कुणी धावत नाही, कारण धावायला माणूसच नसतो.

घरी हाच क्रम लावा. जेवणाच्या दहा मिनिटं आधी दंगा थांबवा आणि मुलाला काम द्या: पाट मांडणं, रिकामी भांडी नेऊन ठेवणं, मिठाची वाटी आणणं. वजन उचलून-ढकलून काही मुलांच्या अंगातली चुळबुळ कमी होते. नंतर शू-शीला बसवा. पोटात अन्न गेलं की आतडं हलतं, म्हणून कित्येक मुलांना चौथ्या-पाचव्या घासाला शी लागते आणि आपण म्हणतो, पळालं. मग हात धुवायचे आणि सगळ्यांनी बसायचं. आईनंसुद्धा. पाणी, तूप, लोणचं, जास्तीचा चमचा, पुसायचं फडकं असं सगळं आधीच हाताशी ठेवा.

भूक नसेल तर मात्र कुठलाही क्रम चालत नाही. तीन किलोचं जन्मलेलं बाळ वर्षभरात नऊ किलोच्या आसपास जातं, पण दुसऱ्या वर्षात वजन वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो. तिसऱ्यात त्याहून कमी. म्हणजे वाढीचा वेग मंदावतो, तशी भूकही उतरते. घरातल्यांच्या डोळ्यांसमोर मात्र आठ महिन्यांचं खादाड बाळच असतं. त्यात दिवसभरात तीन-चार कप दूध, साडेसहाला बिस्किटं, सातला केळं. आठला ते मूल कशाला बसेल? दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको. जास्त दुधानं जेवणही मरतं आणि अंगातलं लोहही कमी होतं. आधीचं खाणं आणि जेवण यात अडीच ते तीन तास जाऊ द्या. मधे फक्त पाणी.

आता बसण्याची जागा. जमिनीवर बसत असाल तर मुलाला भिंतीला पाठ टेकेल असं दोन मोठ्यांच्या मधे बसवा, टीव्ही आणि दार दोन्ही समोर दिसणार नाहीत असं. नुसत्या जमिनीवर ठेवलेलं ताट लहान मुलाला फार खाली पडतं. वाकून वाकून पाठ दुखली की ते गुडघ्यावर उठतं, आणि गुडघ्यावर उठलेलं मूल म्हणजे निघालेलं मूल. ताटाखाली दुसरा पाट किंवा बुटका चौरंग घ्या. कोपर वाकवून हात आरामात ताटावर टेकला की उंची बरोबर. फरशीवर पाट सरकतो, त्याखाली ओला पंचा घडी करून घाला. टेबलावर जेवत असाल तर पावलं टेकली पाहिजेत. लोंबकळणारे पाय ही खुर्चीतल्या चुळबुळीची सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. स्वतः उंच स्टुलावर पाय अधांतरी ठेवून वरणभात खाऊन बघा. पायाखाली लाकडी खोका किंवा रद्दीचा घट्ट बांधलेला गठ्ठा चालतो, फक्त हलता कामा नये.

वाढताना हात आखडता घ्या. दोन चमचे वरणभात, पाव पोळीचे तुकडे, चमचाभर भाजी. ताट पाच मिनिटांत रिकामं होईल इतकंच. मग ते आणखी मागतं, आणि मागून खाल्लेल्या घासाला उठायची घाई नसते. डोंगर वाढला की बघूनच पळतं. अडीचव्या वर्षी दहा ते पंधरा मिनिटं बसणं म्हणजे उत्तम. सुरुवात पाच मिनिटांपासून करा आणि आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. मोठ्यांचं जेवण होईपर्यंत त्याला बसवून ठेवणं चार-पाच वर्षांपर्यंत विसरा. त्याचं झालं की ‘झालं माझं’ म्हणायचं, ताट मोरीत ठेवायचं, हात धुवायचे आणि खेळायला जायचं.

मधेच उठलं तर एकदाच, साध्या आवाजात सांगायचं: ‘उठलास तर ताट उचलणार.’ पहिल्या आठवड्यात एकदा परत येऊ द्या. दुसऱ्यांदा उठलं की ताट खरंच उचला. रागावू नका, भाषण देऊ नका. पुढचं खाणं पुढच्या वेळेलाच. ही युक्ती फसते ती तासाभरानं, कुणीतरी ‘उपाशी झोपेल बिचारं’ म्हणून बाटलीभर दूध देतं तेव्हा. दोन दिवसांत मुलाला कळतं की पळालं की दूध मिळतं. झोपतानाचं दूध द्यायचंच असेल तर रोज ठरल्या वेळी, कपानं, शे-दीडशे मिली, जेवलं तरी आणि न जेवलं तरी तेवढंच.

काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलानं, अशी वाटणी एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मांडली. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. कुठे खायचं ते मूल ठरवतं आणि किती ते आजी.

आजींशी भांडू नका, त्यांना बसवा. काऊचा घास, चिऊचा घास हे खेळ जागेवर बसूनही होतात. मोबाइल मात्र जायला हवा. पडद्याकडे बघणारं मूल तोंड उघडतं, पण चावायचं विसरतं, घास गालात धरून बसतं आणि पोट भरल्याचं त्याला कळत नाही. एका वेळच्या जेवणापासून सुरुवात करा, शक्यतो सकाळच्या, कारण तेव्हा भूक असते आणि थकवा नसतो. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल, खाणं कमी होईल. आठवड्याचा हिशेब बघा, एका ताटाचा नको.

धावत खाणं बंद करायचं खरं कारण शिस्तीपेक्षा मोठं आहे. पळता-हसताना घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं या वयात बसूनही देऊ नका. दाण्याचा कूट करा, द्राक्षाच्या उभ्या चार फोडी करा.

हे सगळं धडधाकट मुलासाठी. वजन वाढत नसेल किंवा उतरत असेल, घास गिळताना ठसका लागत असेल, खडा होत असेल, चार-पाचच पदार्थ खात असेल, किंवा नावानं हाक मारूनही वळून बघत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ताट उचलायचा नियम तोवर लावू नका. आजारातून उठलेल्या मुलालाही आठवडाभर सवलत द्या. भाकरीच्या घरांत पोळीचा उपाय तसाच्या तसा लागू होत नाही, भाकरी तव्यावरचीच बरी. त्या दिवशी थापणारी व्यक्ती सोडून दुसऱ्या मोठ्यानं मुलाजवळ बसून जेवावं. बाबा बसले तरी चालतं.

आणि खुर्ची. पट्टा पडू नये म्हणून असतो, बांधून ठेवायला नव्हे. अडीच वर्षांचं मूल त्यातून निसटायला किंवा टेबलाला पाय लावून खुर्ची मागे ढकलायला चार दिवसांत शिकतं. ते पैसे वाचवा. एक चांगला पोळ्यांचा डबा घ्या.